कुऱ्हाड, ये

पडदा जळून कोळसा झाला होता, पण पडद्याची दोरी शाबूत होती. "आग अचानक लागली म्हणता," विमा कंपनीच्या बाई घरमालकाला म्हणाल्या, "मग दोरी आधीच सोडून, गुंडाळून कपाटात कुणी ठेवली?" घरमालकाने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

*

"झोपाळू! मला झोपाळूच हवा!" भूगोलाच्या शिक्षिका चष्म्याच्या दुकानातल्या बाकावर उभ्या राहून ओरडत होत्या. एरवी झोपाळूचं नाव काढलं तरी त्या कानांवर हात ठेवतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

*

एक कोट. गडद निळा, गुडघ्यापर्यंत. खांदे दाराएवढे रुंद, बाह्या मात्र आखूड.

*

रस्त्याकडच्या भिंतीवर पहाटे एक पांढरी चादर लटकत होती. चादरीवर निळी अक्षरं. पेपरवाल्याने सायकल थांबवली, वाचलं, पुन्हा वाचलं आणि खिशातून मोबाइल काढला.

*

"तुमच्याकडे एक गोष्ट गुपित राहत नाही," फोनवरचा आवाज म्हणाला. "मी येत नाही. विषय संपला."

चादर

ह्या तुकड्यांपैकी फक्त पहिला विमा कंपनीच्या बाईंना ठाऊक होता, कारण तो त्यांचा स्वतःचा होता. जळालेला पडदा कागदात गुंडाळत असतानाच त्यांचा फोन वाजला.

"मी क्लबची सचिव बोलतेय. तुमचा भाचा तोंड उघडत नाही. तुमच्याशी बोलला तर बरं. संध्याकाळी समिती बसतेय. तोपर्यंत बोलला नाही, तर कामावरून गेलाच म्हणून समजा."

भाचा म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. बहीण आता नाही. तो शेजारच्या शहरातल्या फुटबॉल क्लबात किट सांभाळतो. शर्ट, मोजे, बूट, चेंडू, जखमेवरच्या पट्ट्या, सगळं त्याच्या ताब्यात. कोठाराच्या वर दोन खोल्या आहेत, तिथे तो आणि त्याचे वडील राहतात. वडिलांना सगळं शहर 'गोली' म्हणतं. ते ह्याच क्लबचे गोलरक्षक होते, गुडघा जाईपर्यंत. आता चाकांच्या खुर्चीत असतात. त्यांच्या एका खिडकीतून मैदान दिसतं, दुसरीतून रस्ता. रस्त्याची खिडकी त्यांना आवडत नाही.

सचिवबाईंच्या खोलीत टेबलावर चादर पडली होती, एखाद्या आजारी माणसासारखी.

"काय लिहिलंय?"

"वाचा ना. आज जगाने वाचलंय."

*कुऱ्हाड, ये. आम्ही वाट पाहतोय.*

मावशींना, म्हणजे विमा कंपनीच्या बाईंना, फुटबॉलचं वावडं. कुऱ्हाड हे माणसाचं टोपणनाव आहे, एवढंच त्यांना माहीत होतं. बाकीचं सचिवबाईंनी सांगितलं. आधीच्या मॅनेजरला, त्या टोपीवाल्याला, लागोपाठच्या पराभवांनंतर काढून टाकलं. तेव्हापासून ह्या शहराला दुसरा धंदा नाही. नवा कोण? न्हाव्याकडे तेच, बँकेत तेच, अंत्ययात्रेतसुद्धा तेच. इकडे अध्यक्षांनी गुपचूप कुऱ्हाडीला गाठलं. तो दुसऱ्या एका क्लबात नोकरीला. तिथून मोकळा होईपर्यंत अवाक्षर फुटता कामा नये, ही त्याची अट. सगळं ठरलं होतं. आणि आज पहाटे ही चादर, आणि पाठोपाठ त्याचा फोन, येत नाही म्हणून.

"माहीत कुणाकुणाला होतं?"

"चौघांना. अध्यक्ष, मी, सहायक प्रशिक्षक. आणि तुमचा भाचा."

"किटवाल्याला कशाला सांगितलंत?"

"सांगितलं कुठे! नव्या मॅनेजरचा कोट तयार ठेवायचा असतो, म्हणून मापं दिली. माप बघून तो हसला आणि म्हणाला, 'एवढे खांदे अन् असल्या बाह्या एकाच माणसाच्या.' झालं." सचिवबाईंनी बोटं मोडायला सुरुवात केली. "चादर कोठारातली. रंग शर्टावर नंबर घालायचा, तोही कोठारातला. सहायक मैदानावर आला तेव्हा तुमचा भाचा हीच चादर काखोटीला मारून जिना चढत होता. आणि कारण विचाराल, तर ते मी काय सांगायचं? तुमच्या भाऊजींचा गुडघा मोडला कुणी?"

मावशींना ते माहीत नव्हतं. कुणीतरी समोरच्या संघातला, एवढंच ताई म्हणायची.

"कुऱ्हाडीने," सचिवबाई म्हणाल्या. "त्याला ते नाव पडलं तेच तेव्हापासून."

मावशींनी चादर उचलली आणि बाहेरच्या व्हरांड्यात जमिनीवर अंथरली. ऊन तिरपं येत होतं. अक्षरं सुबक होती, घाईची नव्हती. पण एक गंमत होती. दर हातभर अंतरावर ओळ किंचित खचत होती, झिजलेल्या पायऱ्यांसारखी. हातभर सरळ, मग खचलेली, पुन्हा हातभर सरळ.

"घड्यांमुळे झालं असेल," सचिवबाई म्हणाल्या.

"असेल," मावशी म्हणाल्या. ज्यावर त्यांचा विश्वास बसत नसे, त्याला त्या नेहमी 'असेल' म्हणत.

हो, हो, हो

कोठारात ओल्या कातड्याचा वास होता. भाचा पाय फाकवून बसला होता आणि चेंडूत हवा भरत होता. एक चेंडू भरला की दुसरा. मावशी दारात उभ्या राहिल्या तरी पंप थांबला नाही.

"जेवलास?"

"हो."

"खोटं. चादर तू लावलीस?"

"हो."

"कुठून?"

"गच्चीवरून."

"कठड्याला बांधून?"

"हो."

"का?"

पंप थांबला. "मावशी, तू जा ना. उगाच कशाला आलीस एवढ्या लांब? माझं मी बघतो."

"काय बघतोस? नोकरी जाईल."

"दुसरी मिळेल."

"तुला? चेंडूत हवा भरण्यापलीकडे तुला येतंय काय?"

तो हसला, आणि हसताना क्षणभर अगदी ताईसारखा दिसला. मग लगेच गंभीर झाला. "बाबांना यातलं काही सांगायचं नाही. शप्पथ आहे तुला. ते वर बसलेत, त्यांना वाटतंय मी कामात आहे. त्यांच्याकडे जाऊसुद्धा नकोस."

"भाऊजींना भेटल्याशिवाय परत जाऊ?"

"आजचा दिवस नको. माझं ऐक."

मावशी त्याचं ऐकून तिथून निघाल्या आणि थेट गच्चीवर गेल्या. गच्चीचा कठडा लोखंडी होता, कधीकाळी रंगवलेला. त्यांनी मुठीत धरून पाहिला. तळहात विटकरी झाला. मग त्यांनी पर्समधून दोन नाड्या काढल्या. चादरीच्या वरच्या कोपऱ्यांना बांधलेल्या होत्या, त्या त्यांनी सचिवबाईंच्या नजरेआड सोडवून घेतल्या होत्या. नाड्या दुधासारख्या पांढऱ्या होत्या. गंजाचा डाग औषधालाही नाही.

स्वतःला वाचवायला खोटं बोलणारे त्यांनी ढिगाने पाहिले होते. त्यांच्या जिवावर तर घर चाललं होतं. हा उलटा होता. हा स्वतःला बुडवायला खोटं बोलत होता, आणि तेही धड जमत नव्हतं.

सहायकाची उत्तरं (प्रश्न वगळून)

"बसा ना. नाही, मी उभाच बरा, सवय आहे.

"मी? मी का लावू?

"हो, आता काही दिवस संघ माझ्याकडे आहे. म्हणून मी लावली? वा! म्हणजे मॅनेजर होण्यासाठी मी पलंगपोस रंगवत बसलो?

"हवं आहे की. का नसावं? तुम्हाला बढती नको असते?

"किल्ली आहे. गच्चीचीही आहे. सचिवबाईंकडेही आहे, त्यांना विचारलंत का?

"पहाटे धावायला येतो मी. तो जिन्यात होता, चादर काखेत, रंग पुसटसा हाताला लागलेला. मी म्हटलं, अरे काय हे? तो म्हणाला, माझंच आहे. चोर कधी म्हणतो का असं? पण म्हणाला.

"लोकांचं काय विचारता. लोकांना कुऱ्हाड हवाच होता. त्या चष्म्याच्या दुकानात जाऊन बघा, असल्याच धटिंगणांसाठी जीव टाकतात ती मंडळी. मागच्या आठवड्यात मी बाहेरून जात होतो. आत कुणीतरी ओरडत होतं, झोपाळूच हवा, झोपाळूच हवा. झोपाळू! आता बोला.

"नाही, मी आत गेलो नाही. मला चष्मा नाही.

"मी त्या पोराचं वाईट चिंतत नाही, बाई. पण ज्याला माहीत होतं त्यानेच फोडलं ना? चौघांतला एक. हिशेब सरळ आहे."

असं बरं, की असं?

हिशेब सरळ होता म्हणूनच मावशींना तो टोचत होता.

चष्म्याचं दुकान मैदानाच्या पूर्व दारासमोर. आत एक लांब बाक, भिंतीवर लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, आणि त्याखाली पाटी: 'पंचांची तपासणी फुकट.' बाकावर भूगोलाच्या शिक्षिका आणि एक बसवाले बसले होते. सामन्याला बाहेरगावी जायचं असलं की सगळ्यांना तेच नेतात. गल्ल्यामागे चष्मेवाले. मावशी आत शिरल्या आणि बोलणं बंद पडलं.

"गोलीच्या मेहुणीबाई," चष्मेवाले म्हणाले. "या. पोराचं काय?"

"संध्याकाळी घालवणार."

"त्यांच्या बापाची पेंड आहे का?" बसवाले उसळले. "त्या पोराने धुतलेल्या मोज्यांवर हा क्लब उभा आहे!"

"मोज्यांवर आजवर कुठला क्लब उभा राहिलाय?" शिक्षिका म्हणाल्या. "पण घालवणार म्हणजे अतीच झालं."

मावशी बाकावर टेकल्या. समोरचा तक्ता वाचायला त्यांनी डोळे बारीक केले, आणि चष्मेवाल्यांनी ते पाहिलं. धंद्याचा माणूस. काही न विचारता त्यांनी डोळे तपासायची लोखंडी चौकट आणून मावशींच्या नाकावर बसवली, तिच्यात काचा सरकवायला लागले.

"तुम्हाला कुऱ्हाड हवा होता म्हणे," मावशी म्हणाल्या.

चष्मेवाल्यांच्या हातातली काच तिथेच थांबली.

"कोण म्हणालं?"

"चादर म्हणते. तुमचे सहायकही म्हणाले. तुम्ही इथे झोपाळूसाठी ओरडत होता, तसंच."

बसवाल्यांना एवढं हसू आलं, की ते बाकावरून घसरायचे बाकी राहिले. शिक्षिकांनी डोळे पुसले. "अहो बाई, तो झोपाळू मॅनेजर म्हणून मला नकोय! स्वप्नातसुद्धा नकोय. म्हणून तर ओरडले."

"म्हणजे?"

"तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला कसं कळणार," चष्मेवाले काच बदलत म्हणाले. "असं बरं, की असं? हं. हा आमचा तोडगा आहे. पूर्वी आम्ही हवा त्याचं नाव घ्यायचो. पूर्वेचा अख्खा स्टँड घसा फोडून एकच नाव घ्यायचा. तो सोडून कुणीही यायचा. पुढच्या वेळी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. मग एकदा गोलीच म्हणाला, अरे, आपण मागतो ते मिळत नाही एवढं नक्की ना? मग नको असेल तेच मागा की. तेव्हापासून मॅनेजर गेला की प्रत्येकाने इथे येऊन एकच नाव घ्यायचं. ज्याची सगळ्यात जास्त धास्ती, त्याचं. मोठ्याने. जेवढं मोठ्याने, तेवढा तोडगा पक्का."

"लागू पडतो?"

"टोपीवाल्याच्या वेळी मी आजारी होतो," बसवाले खिन्नपणे म्हणाले. "म्हणून तो आला."

मावशींच्या डोळ्यांपुढची अक्षरं पुसट होती. "मग चादर लिहिणारा तुमच्यातला नाही. त्याला हा तोडगा ठाऊक नव्हता, म्हणून सरळ मनाने 'ये' लिहिलं. सहायकांसारखा कुणीतरी."

"का बरं?" शिक्षिका म्हणाल्या. "आमच्यातल्याने लिहिलं असतं तर अगदी असंच लिहिलं असतं. 'ये, आम्ही वाट पाहतोय.' आम्हाला वाटलंच, कुणीतरी मोठ्ठा तोडगा केलाय. आम्ही तर खूश झालो होतो, फोन आल्याचं कळेपर्यंत."

"इथे त्याचं नाव कुणी घेतलं होतं?"

"कुऱ्हाडीचं? कुणीच नाही. ह्या क्लबात तो येईल असं कुणाच्या मनात तरी येईल का? गोलीच्या खिडकीखालून चालत जायची छाती होईल त्याची?"

चष्मेवाल्यांनी काच काढली, उलटी केली आणि पुन्हा सरकवली. "असं बरं, की असं?"

तक्ता लख्ख दिसला. तळाच्या ओळीपर्यंत.

मावशी जागच्या जागी गोठल्या. सकाळपासून सगळे एकच विचारत होते, कुणाला माहीत होतं. पण ज्याला माहीत आहे की कुऱ्हाड येणारच, सगळं ठरलंय, तो तोडगा कशाला करील? गाडी निघून गेल्यावर कुणी हात दाखवतं का? तोडगा करतो तो धास्तावलेला माणूस. ज्याला काही माहीत नाही तो. चौघांपैकी कुणीच नाही. चादरीने गुपित फोडलं नव्हतंच. कुणीतरी अंधारात दगड मारला होता आणि तो नेमका गुपिताला लागला होता.

"तोडग्याला इथे कोण आलं नाही?" त्यांनी विचारलं.

"येतात सगळे."

"ह्या खेपेला?"

शिक्षिकांनी दाराच्या तीन पायऱ्यांकडे पाहिलं. चष्मेवाल्यांनीही तिकडेच पाहिलं.

मावशींनी नाकावरची चौकट काढून गल्ल्यावर ठेवली आणि त्या निघाल्या. जवळजवळ पळतच.

हातभर

"ये ये! ही कुठून उगवली?" गोली ओरडले. "बस. पंखा लाव. पोरगा कुठे तडफडलाय सकाळपासून, चहासुद्धा मिळाला नाही."

खोलीत सगळीकडे शर्टच शर्ट. पलंगावर, दोरीवर, खुर्चीच्या पाठीवर. प्रत्येकाच्या पाठीवर निळा, सुबक आकडा. मावशींना एका नजरेत कळलं, शर्टांवरचे नंबर पोरगा घालत नाही, बाप घालतो. क्लबला ते माहीत नाही.

गोलींच्या खुर्चीच्या दोन हातांवर एक फळी आडवी टाकलेली होती. खोलीतली प्रत्येक वस्तू निळ्याने बरबटलेली होती. पाण्याचा पेला, दाराची कडी, गोलींचा कानसुद्धा. फळी तेवढी घासूनपुसून पांढरीफटक.

मावशींनी फळीवर हात ठेवला. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. बरोबर हातभर.

मांडीवर फळी आणि फळीवर चादर. हातभर रंगवायचं, वाळू द्यायचं, चादर पुढे ओढायची, पुन्हा हातभर. ज्याला जमिनीवर वाकता येतं त्याने चादर जमिनीवर अंथरली असती.

"भाऊजी," त्या म्हणाल्या. "चादर छान लिहिलीत."

मावशींना वाटलं होतं, ते नाकारतील. पण गोलींचा चेहरा दिवाळखोराला लॉटरी लागावी तसा उजळला.

"तुला कळलं? कुणाला सांगू नकोस हं! पोराला नाही आवडलं, सकाळी उपटून आणली त्याने, फणफणत. फळी काय घासतोय, खिडकी काय पुसतोय! पण तोवर काम झालं होतं." त्यांनी आवाज खाली आणला. "मला दुकानात जाता येत नाही ना. दुकानातली चौघं मिळून मला खुर्चीसकट उचलतात, लाज वाटते. म्हणून म्हटलं, इथूनच करू. खिडकीच्या गजाला बांधली आणि दिली सोडून."

"कुऱ्हाडीचंच नाव का?"

"मग दुसऱ्या कुणाचं?" ते एवढ्या साधेपणाने म्हणाले की मावशींना पुढचं विचारवेना. "तसा तो येणार नव्हताच. कोण आणतंय त्याला इथे? पण रात्री मनात येतं गं. हा जर त्या कडेला उभा राहिला कोट घालून, रोज, ह्या खिडकीसमोर... मी बघायचं काय मग? पडदा लावून बसायचं?" मग एकदम हसले. "आणि बघ! पेपरवाला मघाशी खालून ओरडून गेला. कुऱ्हाडीने स्वतः सांगितलं म्हणे, येत नाही! म्हणजे बोलणी चालली होती की काय खरोखर? चालू असतील तर मोडली मी! असा तोडगा आजवर लागू पडला नव्हता कुणाचा!"

मावशी पलंगावर बसल्या, दोन नंबरच्या शर्टावर.

"भाऊजी, ऐका. बोलणी नुसती चालली नव्हती, ठरलं होतं. चौघांना माहीत होतं. त्यात तुमचा मुलगा एक."

"त्याला?" गोलींना समजायला वेळ लागला. "तो मला बोलला नाही."

"शब्द दिला होता त्याने. तुमचं वाईट वाटेल हेही असेल. क्लब म्हणतोय, गुपित त्याने फोडलं. संध्याकाळी त्याला काढणार."

"मग त्याने सांगायचं ना, बापाने केलंय म्हणून!"

"का नाही सांगत तो? तुम्हीच सांगा."

गोलींनी मैदानाच्या खिडकीकडे पाहिलं. खाली कुणीतरी गवतावर पाणी मारत होतं.

"खोल्या माझ्या नावावर आहेत," ते हळूच म्हणाले. "जुन्या समितीने दिल्या होत्या, हयात असेपर्यंत. क्लबचं नुकसान केलं तर काढून घ्यायच्या, अशी अट आहे. त्याची नोकरी गेली तर खोल्या राहतात. माझं नाव निघालं तर..."

वाक्य तिथेच राहिलं. जिन्यात पावलं वाजली. भाचा दारात आला, मावशींना पाहिलं, फळीवरचा त्यांचा हात पाहिला.

"तुला सांगितलं होतं," तो म्हणाला. "शप्पथ घातली होती तुला!"

"पोरा," गोली म्हणाले, "मला खाली ने."

"नाही."

"समितीपुढे ने."

"बाबा, गप्प बसा. माझं सगळं ठरलंय. मी बसस्थानकावर काम बघतो, इथून जवळ आहे. तुम्ही इथेच राहा. तुम्ही खिडकीत बसा."

"तू घरी नसताना खिडकीत बसून काय बघू? दुसऱ्याने धुतलेले मोजे?"

"मी नेणार नाही."

"बरं," गोली म्हणाले. त्यांनी खुर्ची फिरवली, आयुष्यात न आवडलेल्या रस्त्याच्या खिडकीशी नेली, गज धरून अर्धे वर उठले, आणि पूर्वी आख्ख्या बचावफळीला ऐकू जायचा त्या आवाजात ओरडले,

"चष्मेवाले! चौघं या! उचलायला!"

समिती

लांबट टेबल, सात माणसं, मधोमध अध्यक्ष. सचिवबाई एका टोकाला, सहायक भिंतीला टेकून उभे. दाराबाहेर बसवाले, शिक्षिका, चष्मेवाले आणि न्हावी धापा टाकत होते. भाचा आत आला नाही. तो जिन्याच्या पायथ्याशी पाठ करून उभा राहिला.

मावशींनी मोजकंच सांगितलं. नाड्यांवर गंज नाही, म्हणजे गच्ची नाही, खिडकी. ओळ हातभराने खचते, म्हणजे बसून लिहिलंय, मांडीवर. आणि ज्याला ठाऊक होतं त्याला तोडग्याची गरज नव्हती.

"कसला तोडगा?" अध्यक्षांनी विचारलं.

दाराबाहेरून शिक्षिकांनी सांगितलं. सांगून झाल्यावर टेबलाभोवतीची माणसं एकमेकांकडे बघू लागली. ह्या माणसांनी वर्षानुवर्षं चष्म्याच्या दुकानातला कल कानावर घेऊन, नेमकी ती नावं टाळून मॅनेजर निवडले होते.

"म्हणजे टोपीवाला..." अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही त्याच्या नावाने कधी ओरडला नाहीत, म्हणून आम्हाला वाटलं, तो तुम्हाला नकोच..."

"तो तसा आम्हाला चालण्यासारखा होता," चष्मेवाले म्हणाले.

"हे बघा," गोली म्हणाले. एवढ्या वेळात ते पहिल्यांदा बोलत होते. "पोराने शब्द मोडला नाही. घरात मला कळू दिलं नाही, सख्ख्या बापाला. असा माणूस तुम्ही काढणार असाल तर काढा, मग मोजेही तुम्हीच धुवा. चादर माझी. रंग माझा. मला त्याला येऊ द्यायचं नव्हतं, आणि नाही येऊ दिला. फक्त..." त्यांनी फळी नसलेल्या मांडीवर हात चोळले. "तुम्ही त्याला खरंच आणत होता, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी तुमच्याकडे येऊन रडलो असतो. चादर नसती लिहिली."

सहायक भिंतीपासून दूर झाले. त्यांनी गोलींसाठी पाण्याचा पेला भरला आणि आणून हातात दिला.

अध्यक्ष वाईट नव्हते. म्हणूनच त्यांना वेळ लागला. भाच्याची नोकरी राहिली, त्यावर कुणाचंच दुमत झालं नाही. मग खोल्यांचा विषय निघाला, आणि सचिवबाईंनी अट वाचून दाखवली. त्या हळू आवाजात वाचत होत्या, पण अट तीच होती. क्लबच्या हातचा मॅनेजर गेला होता, त्याला नुकसान नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? हात वर झाले. एक हात अर्ध्यावर थांबला आणि मग तोही वर गेला.

"महिनाअखेरपर्यंत राहा," अध्यक्ष खाली बघत म्हणाले. "घाई नाही."

दाराबाहेर कुणीतरी नाक शिंकरलं. चौघांनी खुर्ची उचलली. जिन्याच्या पायथ्याशी भाचा वळला, बापाकडे न बघता पुढे झाला आणि डाव्या बाजूचा दांडा त्याने बसवाल्यांच्या हातातून काढून घेतला.

"जड झालात," तो म्हणाला.

"तूच भरवतोस," गोली म्हणाले.

मावशी मागून चालत राहिल्या. त्यांच्याकडे एक जास्तीची खोली होती, मैदानापासून खूप दूर, आणि ती त्यांनी अजून कुणाला देऊ केली नव्हती, कारण गोलींनी मान वळवून मागे, वरच्या खिडकीकडे पाहायचं थांबवलं नव्हतं.

कुऱ्हाडीने उत्तरेकडच्या एका क्लबाशी करार केला तो चादर लागण्याच्या आदल्या दुपारी.